मुंबईच्या आशाबाई आणि न्यूयॉर्कचा डिस्को

९ मार्च १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॅपर नटोरियस बी.आय.जी. याचा गोळ्या घालून खून झाला. सोळा दिवसांनी त्याचा 'लाइफ आफ्टर डेथ' हा अल्बम बाजारात आला आणि प्रचंड खपला. त्यात 'द वर्ल्ड इज फिल्ड' नावाचं एक गाणं आहे. शब्द बाजूला ठेवून मागची सुरावट ऐका. ती १९७६ सालच्या एका तबकडीतून उचलली आहे. ती तबकडी जर्मनीत बनली होती आणि तिची गायिका होती मुंबईत जन्मलेली, हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत शिकलेली एक बाई. नाव आशा पुथली.

नाव ओळखीचं वाटलं नसेल तर त्यात नवल नाही. या बाईंचं एकही गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहांत कधी आलं नाही. ग्रॅमीही मिळालं नाही. अमेरिकेच्या पॉप संगीताचा इतिहास लिहिताना त्यांच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येईल. पण त्या एका परिच्छेदात जॅझ, डिस्को, रॅप, मर्चंट-आयव्हरींचा सिनेमा आणि विमानातली नोकरी एवढं सगळं कोंबावं लागेल! म्हणून आज गप्पा आशाबाईंच्या.

दिग्गीत इंग्रजी पॉपचं काय काम?

हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच उत्तर देऊन टाकतो. आमचं दिग्गी गाव म्हणजे जोयडा तालुक्याचं टोक. काळी नदी इथेच जवळ उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. घाट उतरला की गोवा. इथल्या कानांना भजन माहीत, फुगडी माहीत, शिगम्याचे ढोल माहीत. पण आमच्या चारी बाजूंना पाहा. खाली गोव्यात लोर्ना आणि रेमो यांची गाणी. वर हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बांधव, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, अनेक जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून. त्यांचा दमामी नाच आजही जिवंत आहे. अमेरिकेत ज्या माणसांनी ब्लूज आणि जॅझ घडवलं, त्यांचे पूर्वजही आफ्रिकेतूनच जहाजांत कोंबून नेलेले. म्हणजे ज्या मुळातून जॅझ उगवलं, त्या मुळाची एक फांदी आमच्या शेजारच्या तालुक्यात आहे. तेव्हा दिग्गीकराला या गाण्याशी काय देणंघेणं, असं म्हणायला जागाच नाही.

पुस्तकाच्या एका प्रकरणाने उघडलेलं दार

आशा पुथली यांचा जन्म मुंबईत, ४ फेब्रुवारी १९४५ रोजी. घरच्या वळणाप्रमाणे शास्त्रीय गाण्याची तालीम झाली, त्याबरोबर पाश्चात्त्य ऑपेराचंही शिक्षण झालं. ही जोडी त्या काळी दुर्मीळ होती आणि पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं रहस्य तिच्यातच आहे. एकीकडे मींड आणि श्रुती, दुसरीकडे पोटातून लावलेला उंच स्वर. दोन्ही एकाच गळ्यात.

१९६० च्या दशकातली मुंबई म्हणजे जॅझचं शहर. चर्चगेटच्या आसपासच्या हॉटेलांत रोज रात्री बँड वाजत, आणि वाजवणारे बहुतेक गोव्याचे. अस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये मडगावचे क्रिस पेरी ट्रम्पेट घेऊन उभे राहत आणि लोर्ना कोर्देरो गात. त्याच शहरात आशाबाईंनी 'द सर्फर्स' या बँडबरोबर त्या वेळच्या गाजलेल्या इंग्रजी गाण्यांची एक छोटी तबकडी काढली. आज ती जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या स्वप्नात येते.

मग आले वेद मेहता. लहानपणीच दृष्टी गेलेले, 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात लिहिणारे, नुसत्या कानांनी माणसं टिपणारे लेखक. १९७० मध्ये त्यांचं 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' हे जाडजूड पुस्तक निघालं. त्यात मुंबईतल्या जॅझवर एक प्रकरण आहे आणि त्या प्रकरणाची नायिका आहे जॅझने झपाटलेली एक तरुण मुलगी. ती मुलगी म्हणजेच आशा. न पाहणाऱ्या लेखकाने तिचं वर्णन करावं आणि त्या वर्णनावरून सातासमुद्रापलीकडे तिचं नाव व्हावं, ही मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर घटना वाटते.

कारण ते प्रकरण जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोहोचलं. हॅमंड कोण? कोलंबिया कंपनीचे निर्माते. बिली हॉलिडेचं पहिलं ध्वनिमुद्रण त्यांनी १९३३ मध्ये केलं. काउंट बेसीला त्यांनी पुढे आणलं. अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन आणि नंतर ब्रूस स्प्रिंगस्टीन यांना कंपनीत घेतलं तेही त्यांनीच. विसाव्या शतकातल्या अमेरिकी संगीताचा इतका तयार कान दुसऱ्या कुणाकडे नसेल. त्या माणसाला मुंबईच्या मुलीत काहीतरी दिसलं.

हवाई सुंदरी आणि नाचाची शिष्यवृत्ती

पण न्यूयॉर्कला जायचं कसं? परकीय चलन मिळणं मुश्कील, व्हिसा त्याहून मुश्कील. आशाबाईंनी दोन युक्त्या केल्या. आधी ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरली. आणि मग आधुनिक नृत्यातल्या थोर मार्था ग्रॅहम यांच्या न्यूयॉर्कमधल्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवली. गाण्यासाठी अमेरिका गाठायची होती, तिकीट मिळालं पायांच्या जोरावर!

न्यूयॉर्कला पोहोचल्यावर पीटर आयव्हर्स या तरुण संगीतकाराच्या बँडबरोबर मार्व्हिन गे याचं 'एन्ट दॅट पिक्यूलियर' गायल्या. हा आयव्हर्स पुढे डेव्हिड लिंचच्या 'इरेझरहेड' सिनेमातल्या गाण्यामुळे ओळखला गेला. एवढी एक नोंद करून पुढे जाऊ, कारण खरा मामला पुढे आहे.

दोन ड्रम धावताहेत, आवाज मात्र संथ

ऑर्नेट कोलमन हे नाव जॅझमध्ये वादळासारखं होतं. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा सॅक्सोफोनवादक. ठरलेल्या स्वरसंगती मोडून टाकणाऱ्या 'फ्री जॅझ' प्रकाराचं नावच त्यांच्या १९६१ च्या अल्बमवरून पडलं. कुणी त्यांना देव म्हणे, कुणी म्हणे यांना वाजवताच येत नाही. अशा माणसाला १९७१ मध्ये 'सायन्स फिक्शन' या अल्बमसाठी गायिका हवी होती. हॅमंड यांनी आशाबाईंना पाठवलं.

त्या अल्बममध्ये त्यांची दोन गाणी आहेत, 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ'. ऐकल्याशिवाय कळणार नाही, पण सांगून पाहतो. बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल, दोघे ड्रमवादक एकाच वेळी धावत असतात. चार्ली हेडन यांचा बास खालून गुरगुरत असतो. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट मिळून स्वरांची जाड भिंत उभी करतात. आणि या सगळ्यावरून एक आवाज, अजिबात घाई न करता, लांबच लांब सूर ओढत निघून जातो. सुरांमधली अंतरं चमत्कारिक आहेत. पियानोवर वाढलेला गळा तिथे घसरला असता. पण ज्या गळ्याने रियाजात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता सरकायचं शिकून घेतलं, त्याला हे अवघड वाटलं नाही. आलापीची तालीम टेक्सासच्या सॅक्सोफोनला उपयोगी पडली!

गंमत म्हणजे त्याच गाण्यांत ट्रम्पेट वाजवणाऱ्यांपैकी एक होते जेरार्ड श्वार्झ. हे पुढे सिएटल सिम्फनीचे संगीत दिग्दर्शक झाले, १९८५ पासून २०११ पर्यंत. एकाच खोलीत बंडखोर जॅझवाला, भावी सिम्फनी संचालक आणि मुंबईची ख्याल शिकलेली गायिका. असा मेळ पुन्हा जमला असेल असं वाटत नाही.

अल्बम १९७२ मध्ये आला. 'डाऊनबीट' या जॅझच्या मानाच्या मासिकाने समीक्षकांच्या कौलात आशाबाईंचा गौरव केला. खुद्द कोलमन यांना २००७ मध्ये पुलित्झर मिळालं, त्यालाही तोवर पस्तीस वर्षं लोटली होती. काळाच्या किती पुढे होती ती तबकडी, याचा अंदाज त्यावरून यावा.

मधेच सिनेमा

त्याच १९७२ मध्ये मुंबईचे इस्माईल मर्चंट आणि अमेरिकी जेम्स आयव्हरी यांचा 'सॅव्हेजेस' आला. चिखलाने माखलेल्या आदिम टोळीला जंगलात क्रोकेचा चेंडू सापडतो, त्याच्या मागोमाग ती एका रिकाम्या हवेलीत शिरते, हळूहळू 'सुसंस्कृत' होते आणि पुन्हा जंगलात परतते, अशी कथा. आशाबाई त्यात वनकन्या होत्या. पुढे १९७९ मध्ये इटलीच्या एका पोलिसी विनोदी चित्रपटातही त्यांनी काम केलं. सिनेमा हा त्यांचा प्रांत नव्हे, पण हौस दांडगी.

डॉना समरच्या दोन वर्षं आधी

आता इथे वळण येतं. जॅझच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलेली गायिका, तिने तोच रस्ता धरावा अशी सगळ्यांची अपेक्षा. बाईंनी पॉप धरलं! लंडनला जाऊन १९७३ मध्ये पहिला स्वतंत्र अल्बम केला, नाव फक्त 'आशा पुथली'. निर्माते डेल न्यूमन, जे एल्टन जॉनच्या गाण्यांची वाद्यरचना करत. त्यात बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनचं 'आय डिग लव्ह' आहे. हॅरिसनने ते १९७० मध्ये साधं, थोडं खेळकर गायलं होतं. आशाबाईंनी त्यात श्वास, कुजबूज आणि लाडिक हेलकावे भरले. अशाच उसाशांच्या गायकीवर 'लव्ह टू लव्ह यू बेबी' गाऊन डॉना समर जगप्रसिद्ध झाली, ती १९७५ मध्ये. आशाबाई दोन वर्षं आधी तिथे पोहोचल्या होत्या. पहिलं येणं आणि प्रसिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. तरी तारखा तपासून श्रेय देण्यात कंजुषी का करायची?

हॅरिसन म्हणजे सतार शिकायला रविशंकरांकडे आलेला माणूस. त्याने आपलं संगीत घेतलं, त्याचं कौतुक जगभर झालं. इकडून एका मुंबईकर मुलीने त्याचं गाणं घेतलं आणि स्वतःचं करून दाखवलं. ही परतफेडही तितकीच कौतुकाची आहे, असं माझं ठाम मत.

१९७४ मध्ये 'शी लव्ह्ज टू हिअर द म्युझिक' आला. आणि १९७६ मध्ये जर्मनीत डीटर झिमरमन यांच्या निर्मितीत तो अल्बम झाला, ज्यामुळे आज आपण बोलतो आहोत. 'द डेव्हिल इज लूज'.

जिथे दारू विकत नसत, तिथला डिस्को

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर डेव्हिड मॅनक्युसो नावाचा माणूस स्वतःच्या राहत्या जागेत पार्टी करत असे. सुरुवात १९७० च्या व्हॅलेंटाइन दिवशी. जागेचं नाव पडलं 'द लॉफ्ट'. तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, दारूची विक्री नाही. काळे, गोरे, लॅटिन, समलिंगी, गरीब, श्रीमंत, सगळे एकत्र नाचत. मॅनक्युसोचा हट्ट एकच, आवाजाची यंत्रणा उत्तमोत्तम हवी. न्यूयॉर्कची डिस्को संस्कृती ज्या मोजक्या जागांतून फुटली, त्यांत लॉफ्टचा मान पहिला.

या मॅनक्युसोला 'द डेव्हिल इज लूज'मधलं 'स्पेस टॉक' आवडलं. गाणं धडाधड नाचवणारं नाही. बास आरामात चालतो, वरती तंतुवाद्यं आणि सिंथेसायझर तरंगतात, आणि बाईंचा आवाज जणू दुसऱ्या ग्रहावरून येतो. रेडिओवर वाजून गाजलेलं नव्हे, विक्रीच्या याद्यांतून चढलेलं नव्हे. लॉफ्टमध्ये ऐकलेल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन शोधलेलं गाणं. एका तबकडीवाल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलेलं.

आणि मग ते रॅपवाल्यांच्या हाती लागलं. सॅम्पलिंग म्हणजे जुन्या तबकडीचा छोटा तुकडा उचलून तो फिरता ठेवायचा आणि त्यावर नवं गाणं उभं करायचं. 'स्पेस टॉक'चं विरजणासारखं झालं. चमचाभर घ्यावं, नव्या भांड्यात लावावं, तिथे नवं काही जमावं. नटोरियस बी.आय.जी.चं गाणं त्यातलं सर्वांत प्रसिद्ध, पण एकटं नव्हे. नंतरच्या रॅप आणि नृत्यसंगीतवाल्यांनीही आशाबाईंच्या जुन्या तबकड्यांतून तुकडे घेतले. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या गाड्यांतून, खोल्यांतून, नाक्यांवरून ती सुरावट घुमत होती आणि ऐकणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना गायिकेचं नाव ठाऊक असेल!

आपलीच माणसं, इंग्रजी गाणी

आशाबाई एकट्या नव्हत्या. इंग्रजी पॉपच्या नकाशावर आपल्या मुलखाच्या बऱ्याच खुणा आहेत आणि त्या सांगताना मला फार आनंद होतो.

'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला. सेंट पीटर्स शाळा, साल १९५५ पासून. जन्म झांझिबारचा, नाव फारोख बलसारा. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड याच शाळेत जमला. महाबळेश्वरला जाताना स्ट्रॉबेरी घ्यायला थांबणाऱ्यांनी पुढच्या वेळी त्या शाळेकडे एकदा मान वळवावी.

बिद्दू कर्नाटकातल्या बंगळूरचे. कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' हे १९७४ चं जगभर वाजलेलं गाणं त्यांच्या निर्मितीतलं. १९८० मध्ये त्यांनीच 'कुर्बानी'साठी पंधरा वर्षांच्या नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी तर गोव्याच्या जॅझवाल्यांना हाताशी धरून हिंदी सिनेमालाच नाचवलं. हळदोण्याचे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो शाविएर वाझ, १९५१ च्या 'अलबेला'त आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातलं 'ईना मीना डीका' तर आजही लग्नाच्या वरातीत वाजतं. त्यात कोंकणी शब्द लपलेले आहेत, कान देऊन ऐका.

आणि लोर्ना. १९७० च्या सुमारास त्यांच्या कोंकणी गाण्यांनी गोवा आणि मुंबई वेडी झाली. मग क्रिस पेरींशी ताटातूट झाली आणि त्या कित्येक वर्षं गप्प बसल्या. १९९५ मध्ये 'हॅलो लोर्ना' घेऊन परतल्या. त्यांच्या आणि पेरींच्या नात्यावर बेतलेल्या 'नाचुंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. लोर्ना आणि आशाबाई, एकाच काळात एकाच शहरात गाणाऱ्या या दोघी. एक घराजवळ राहून घराघरांत पोहोचली, दुसरी दूर जाऊन तिथल्या नाचांच्या पार्ट्यांत पोहोचली. मला विचाराल तर दोघींचा मान सारखा.

ऐंशीच्या उंबरठ्यावर पुन्हा मंचावर

१९८० नंतर आशाबाई हळूहळू मागे सरल्या. १९९० मध्ये 'हरि ओम' आला, मग शांतता. पण तबकड्या फिरतच होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 'समरस्टेज'वर त्या गायल्या. सोबतीला सॅक्सोफोन घेऊन ड्यूई रेडमन, तेच, जे १९७१ मध्ये 'सायन्स फिक्शन'च्या खोलीत होते. पस्तीस वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र. पुढच्याच महिन्यात रेडमन वारले.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या 'मिस्टर बोंगो' कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला. पाठोपाठ आजच्या संगीतकारांनी त्या गाण्यांना नवे साज चढवले. आणि २०२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात, चिखल, तंबू आणि लाखो तरुणांच्या त्या जत्रेत, ७९ वर्षांच्या आशा पुथली मंचावर उभ्या राहिल्या. समोर नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आईवडीलही १९७३ मध्ये शाळेत असतील.

आता एक विनंती. फोनवर त्यांची ही तीन गाणी मिळतात, याच क्रमाने ऐका. आधी 'ऑल माय लाइफ', दिवसा, शांत बसून. मग 'आय डिग लव्ह'. मग रात्री हेडफोन लावून 'स्पेस टॉक'. नंतर हवं तर नटोरियस बी.आय.जी.चं गाणं लावा आणि ओळखीची सुरावट पकडा. दिग्गीत रेंज रुसते, तेव्हा आधीच उतरवून ठेवा. आणि घरात १९६० च्या दशकातली मुंबई पाहिलेले कुणी आजोबा-आजी असतील तर त्यांना नक्की ऐकवा. चर्चगेटच्या एखाद्या संध्याकाळी त्यांनी हा आवाज प्रत्यक्ष ऐकला असेल, तर ती आठवण लिहून घ्या. त्या काळच्या मुंबईतल्या जॅझबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.